चित्रपटातल्या बाईच्या महत्त्वाकांक्षेवर लिहिताय? या चुका टाळा

रसास्वादाच्या वर्गातले निबंध तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘नायिका कमावते, म्हणजे ती स्वतंत्र.’ आणि हे उदारमतवादी स्त्रीवादाच्या नावावर खपवलं जातं! शिक्षण, नोकरी, कायदा यांत समान संधी हवी, हे तो विचार सांगतो. पण ती संधी बाईला आपल्या आयुष्याचे निर्णय आपण घेता यावेत म्हणून. ‘भूमिका’ या सिनेमातली (१९७७) नटी उषा लहानपणापासून कमावते. लग्नानंतर तिला संसारात रमायचं असतं, तर नवराच तिची कामं ठरवून येतो. पैसा तिचा, निर्णय त्याचा.

दुसरी चूक, शेवटावरून निकाल लावण्याची. एका वर्षी ‘उंबरठा’ या सिनेमावर (१९८२) एका हुशार मुलानं नायिकेबद्दल अर्ध्या पानात लिहिलं, ‘सुलभा हरली.’ महिलाश्रमाच्या अधीक्षकपदाचा राजीनामा दिला, मुलगी दुरावली, घरही सुटलं; झालं. विचारलं तर कळलं, पठ्ठ्यानं फोनवर कथासार वाचून शेवटची दहा मिनिटं तेवढी पाहिली होती. ही घाई मला सहन होत नाही. सगळ्या वर्गाला पहिल्यापासून सिनेमा पाहायला बसवलं. माझी जुनी सवय आहे, कागदावर दोन रकाने आखायचे: डावीकडे सुलभा काय मागते, उजवीकडे उत्तर कोण देतं. उजवीकडे आधी सासूबाई आणि नवरा आले, मग आश्रमाची समिती. शेवटी नवरा दुसऱ्या बाईशी असलेले संबंध कबूल करतो आणि सुलभा घर सोडते. तिथं मुलांचे पेन थांबले. उजव्या रकान्यात लिहायला कुणीच नव्हतं. हे तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. त्या मुलानं निबंध पुन्हा लिहिला, सात पानं.

‘नवऱ्यानं परवानगी दिली’ हे कौतुकानं लिहू नका.

‘मुलीचं काय?’ हा प्रश्न फक्त आईला विचारू नका. बाप घरातच आहे, तरी मुलीला सांभाळते ती सुलभेची जाऊ. बापाला कुणी बेजबाबदार म्हणत नाही.

आणि सुलभेपाशीच थांबू नका. समाजकार्याच्या शिक्षणामुळे तिला बाहेरचं दार उघडलं. आश्रमातल्या बायकांकडे ते शिक्षण नव्हतं आणि परत जायला घरही नव्हतं. समान संधीची भाषा त्यांच्यापर्यंत पोचते का, यावर निदान एक परिच्छेद लिहा.