सेकंड एमबीबीएसवाल्यांनो, वॉर्डला जायच्या आधी एवढं करून ठेवा

फर्स्ट इयर सुटलं, अभिनंदन. आता पॅथो (आजारात शरीरात काय बिघडतं), फार्मा (औषधं), मायक्रो (जंतू) सुरू होणार आणि सोबत सकाळची वॉर्ड पोस्टिंग. मी सध्या इंटर्नशिप करतेय आणि प्रत्येक नवीन बॅच वॉर्डात आली की एकच गोष्ट दिसते, पोरांना टेबलं तोंडपाठ असतात पण समोर झोपलेल्या माणसाशी त्याचा धागा जुळत नाही. आमचंही तेच झालं होतं. म्हणून पोस्टिंगच्या आधी काय करून ठेवायचं ते लिहितेय, सगळं एका दिवसात होणार नाही, महिनाभर धरा.

सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. कुठलाही आजार वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि मोठ्याने, साध्या मराठीत, चार गोष्टी सांगायच्या: शरीरात नक्की काय बिघडलं, त्यामुळे पेशंटला काय होतं, आपल्याला तपासताना काय दिसेल, आणि औषध यातल्या कुठल्या पायरीवर जाऊन काम करतं. घरी आईला किंवा रूममेटला सांगा. जिथे अडखळाल तिथेच तुमचं कच्चं आहे, तेवढंच परत वाचा. पन्नास आजार वरवर वाचण्यापेक्षा दहा आजार असे आरपार झाले तर वॉर्डात जास्त उपयोग होतो, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

मग ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टिम, म्हणजे आपोआप चालणाऱ्या अवयवांवर ताबा ठेवणारी नसांची यंत्रणा, एका कागदावर उतरवा. डावीकडे सिम्पथेटिक (संकटात धावपळीची बाजू), उजवीकडे पॅरासिम्पथेटिक (आरामाची बाजू), आणि खाली डोळ्याची बाहुली, लाळ, घाम, हृदय, श्वासनलिका, आतडं, लघवीची पिशवी, रक्तवाहिन्या, प्रत्येकावर कोण काय करतं आणि कुठल्या रिसेप्टरवरून (पेशीवरची रसायन ओळखणारी जागा). कंटाळवाणं वाटतं, पण आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत हा कागद रोज लागतो. फवारणीचं विष पोटात गेलेला माणूस आणतात, ऑर्गॅनोफॉस्फरसमुळे अ‍ॅसिटिलकोलिन (नसांचा निरोप पोचवणारं रसायन) मोडणारं एन्झाइम बंद पडलेलं असतं, म्हणून अ‍ॅसिटिलकोलिन साठत जातं, म्हणून बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, अंगभर घाम, छातीत घरघर, स्नायू नुसते थरथरतायत. अ‍ॅट्रोपिन का देतात, तर ते त्याचे मस्कॅरिनिक रिसेप्टर (लाळ, घाम, छातीतला स्राव यांचे) अडवतं. कितपत द्यायचं, तर छाती कोरडी होऊन घरघर जाईपर्यंत, बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत बसायचं नसतं. आणि स्नायूंची ताकद गेलेली असते ती अ‍ॅट्रोपिनने परत येत नाही कारण तो भाग निकोटिनिक, म्हणजे स्नायूंवरच्या वेगळ्या रिसेप्टरचा आहे, त्यामुळे छाती स्वच्छ झाली तरी श्वासावर नजर ठेवावीच लागते. बघा, फिजिओलॉजीचं एक पान, फार्माचं एक पान आणि बेडवरचा माणूस, तिन्ही एकच गोष्ट आहे.

त्याच कागदावर दुसरं उदाहरण बसवून बघा, कोकणातला लाल विंचू. त्याच्या विषाने सोडियम चॅनल उघडे राहतात आणि शरीरात कॅटेकोलअमाइन्सचा, म्हणजे अ‍ॅड्रेनालिनसारख्या रसायनांचा, पूर येतो, अल्फा रिसेप्टरमुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय थंडगार, अंगावर घामाच्या धारा, बीपी चढतं, हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी होतं आणि माणूस त्यात जातो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना हे पेशंट रात्र रात्र बसून बघत होते, आणि त्यांनी अल्फा रिसेप्टर अडवणारं प्राझोसिन, जे मुळात बीपीचं औषध, ते विंचवाला वापरलं. कितीतरी जीव वाचले. सेकंड इयरला प्राझोसिन म्हणजे अल्फा ब्लॉकर्सच्या यादीतली एक ओळ असते, ती ओळ वाचताना बिरवाडी आठवा.

आता टीबी. हा एक आजार तिन्ही विषयांत पूर्ण करून जा कारण मेडिसिनच्या वॉर्डात तो तुम्हाला भेटणारच. मायक्रोच्या प्रॅक्टिकलला झील-नील्सन स्टेन (टीबीचा जंतू रंगवून दाखवायची पद्धत) स्वतःच्या हाताने नीट करा, कार्बोल फ्यूक्सिन ओतून खालून वाफ येईपर्यंत गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, मग २० टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड, मग मिथिलिन ब्लू. जंतूच्या भिंतीत मायकोलिक अ‍ॅसिड असतं म्हणून अ‍ॅसिडने धुतलं तरी लाल रंग सुटत नाही, निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. पहिल्यांदा दिसली की मिनिटभर डोळा काढू नका. रॉबर्ट कोखने २४ मार्च १८८२ ला हा जंतू जाहीर केला, आणि अजूनही आपण सकाळचा बेडका मागवून तोच शोधतोय. पॅथोमध्ये ग्रॅन्युलोमा (जंतूभोवती जमलेल्या पेशींची गाठ) का बनतो आणि मधला भाग चीजसारखा का होतो ते समजून घ्या. फार्मात चार औषधं: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल, पहिले २ महिने चारही, पुढचे ४ महिने पायराझिनामाइड सोडून तीन. एकाच वेळी इतकी का, तर एकच दिलं तर त्याला न जुमानणारे थोडे जंतू आधीपासून असतात तेच वाढत जातात, शिवाय प्रत्येकाची जागा वेगळी, पायराझिनामाइड पेशीच्या आतल्या अ‍ॅसिडिक वातावरणात काम करतं, आयसोनियाझिड भराभर वाढणाऱ्यांना मारतं.

आणि साइड इफेक्ट. हे टेबल आम्ही पण पाठ केलं होतं, रिफॅम्पिसिन म्हणजे लघवी नारिंगी, एक मार्क. थर्ड इयरला वॉर्डात एक ऊसतोडीला जाणारे काका आले, दोन-तीन आठवडे गोळ्या खाल्ल्या आणि मग बंदच केल्या. का बंद केल्या विचारलं तर आधी काही बोलेनात, मग बायकोला बाहेर जायला सांगितलं आणि हळूच म्हणाले, लघवीतून रक्त जातंय, गोळी आतून जाळतीय. गोळ्या हातात देताना त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं की रंग बदलेल आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एक वाक्य राहिलं, आणि परत आले तेव्हा खोकल्यातून खरंच रक्त पडत होतं. तेव्हापासून प्रत्येक औषधाच्या साइड इफेक्टपुढे मी पेशंटला सांगायचं वाक्य मराठीत लिहून ठेवते. तुम्ही पण वहीत तसा एक रकाना करा. इथॅम्ब्युटॉलला "लाल-हिरवा रंग ओळखायला अडचण आली, नजर अंधुक झाली तर लगेच या", आयसोनियाझिडला "हातापायाला मुंग्या आल्या तर सांगा", आणि रिफॅम्पिसिन चालू असलेल्या बाईला "पाळणा लांबवायची गोळी घेत असाल तर तिचा भरवसा राहत नाही, दुसरं साधन वापरा", कारण लिव्हरची एन्झाइम्स वाढून ती गोळी लवकर संपते. डोळे पिवळे, भूक मेली, उलट्या, हे तर टीबीच्या प्रत्येक पेशंटला सांगायचं.

पॅथोतलं बाकी: सूज म्हणजे लाली, उष्णता, फुगणं, दुखणं आणि तो भाग न चालणं, हे सगळं कशामुळे होतं ते स्वतःच्या बोटाला काटा लागला असं धरून सांगता आलं पाहिजे. शॉकवर मात्र थांबा, घाई करू नका. शॉक म्हणजे बीपी कमी अशी व्याख्या डोक्यातून काढून टाका. पेशींपर्यंत रक्त आणि ऑक्सिजन पुरेसं पोचत नाही म्हणजे शॉक, आणि तरुण माणूस रक्त जात असतानाही बराच वेळ बीपी धरून ठेवतो, आधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, माणूस अस्वस्थ होतो, बीपी सगळ्यात शेवटी कोसळतं. बाळंतपणानंतरच्या वॉर्डात हे माहीत असणं आणि नसणं यात एका बाईचा जीव असतो.

थोडी आकडेमोडही हातात बसवा. १ टक्का म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्के लिग्नोकेनच्या (बधिर करायचं औषध) १ मिलीत २० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रेनालिन १ ला १००० म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम, अ‍ॅनाफिलॅक्सिसला (जीवघेणी अ‍ॅलर्जी) मोठ्या माणसाला त्यातलं अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. सलाइनच्या साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, तर ५०० मिलीची बाटली ४ तासांत द्यायची तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. कागद-पेन घेऊन अशी दहा गणितं सोडवा, झालं.

स्वतःची काळजी. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिने अशी तीन डोसांत असते, म्हणून आजच चौकशी करा, पोस्टिंग सुरू झाल्यावर आठवून उपयोग नाही, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) बघा, १० किंवा जास्त हवं. सुई टोचली तर पिळून रक्त काढत बसायचं नाही, साबण आणि वाहतं पाणी, आणि लगेच सिनिअरला सांगायचं, कुणी ओरडेल म्हणून लपवायचं नाही, एचआयव्हीची पीईपी (लागण टाळायची औषधं) २ तासांत सुरू झालेली सगळ्यात चांगली आणि ७२ तासांनंतर तिचा उपयोग नाही. कचऱ्याचे रंग पाठ पाहिजेत: सुया-ब्लेड पांढऱ्या जाड डब्यात, सलाइनचे सेट आणि हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात, काचेच्या व्हायल निळ्यात. चुकीच्या पिशवीतली सुई सफाईच्या मावशींच्या हातात घुसते. आणि हात धुणं, एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना, प्रत्येक वेळी. १८४७ ला व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने दाखवलं होतं की शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे जाणाऱ्या डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या हातांनी बायका मरत होत्या. त्यात आपल्यासारखे विद्यार्थीही होते हे विसरू नका.

आता जे कुठल्याच सिलॅबसमध्ये नीट येत नाही ते, पेशंटची भाषा. ज्यांचं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये झालंय त्यांनी तर हे आधी करा, घरातल्या आजी-आजोबांकडे बसा आणि विचारा. गरगरतं म्हणजे खोली फिरते, डोळ्यापुढे अंधारी येते म्हणजे बहुतेक बीपी किंवा रक्ताचा प्रश्न, दोन्हीला पेशंट चक्करच म्हणेल, तुम्ही सोडवून विचारायचं. ठणकतं म्हटलं की पू झालाय का बघा, कळ येते म्हणजे दुखणं येऊन जाऊन आहे, मुरडा म्हणजे पोटात पीळ पडून संडासला लागतं आणि सोबत आव पडते का ते विचारायचं. अंगावर पांढरं जातं ही एक तक्रार आणि अंगावरून वारं गेलं ही पूर्ण वेगळी, दुसरी लकव्याची. "मला बीपी आहे" म्हणजे बीपी जास्त आहे. कसर म्हणजे बारीक ताप. जीव घाबरा होतो असं एखादी मावशी म्हणाली तर टेन्शन असेल असं लिहून पुढे जायचं नाही, नाडी बघा, डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का बघा. आणि रात्री कॅज्युअल्टीत नातेवाईक घाबऱ्या आवाजात "यानं औषध घेतलंय" म्हणाले तर गावाकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा फवारणीचं औषध असतो. कुठल्या गोळ्या चालू आहेत असं विचारत बसाल तर तेवढी मिनिटं जातात. डबा किंवा बाटली आणलीय का, किती वाजता घेतलं, हे दोन प्रश्न आधी.

खिशात काय: स्टेथो, टॉर्च, छोटी टेप, सेकंद काटा असलेलं घड्याळ, खिशात मावेल अशी वही, दोन पेन कारण एक कुणीतरी नेतंच. एप्रन धुतलेला. आदल्या दिवशी हॉस्टेलवर एकमेकांचं बीपी वीस वेळा घ्या, कफ दंडाला नीट बसतो का, आवाज कुठे सुरू होतो आणि कुठे जातो, हे शांत खोलीत जमलं तरच गजबजलेल्या वॉर्डात जमेल. वॉर्डातल्या सिस्टरना पहिल्याच दिवशी नाव सांगून नमस्कार करा, कुठला पेशंट रात्री बिघडला होता हे केस पेपरच्या आधी त्यांना माहीत असतं.

आणि बेडजवळ गेलात की आधी पेशंटकडे बघा, फाइल नंतर. नाव विचारा, काका, मावशी, आजी जे असेल ते म्हणा, "मी शिकतेय, तुम्हाला तपासलं तर चालेल का" असं खरंच विचारा, थंड स्टेथो तळहातावर चोळून गरम करा आणि मगच छातीला लावा. सकाळपासून चार जणांनी तपासलेलं असतं, कुणी नको म्हणालं तर बरं म्हणून पांघरूण नीट करून पुढच्या बेडकडे जा, दुपारी परत या, तेव्हा बऱ्याचदा तेच लोक स्वतःहून सगळं सांगतात.