हॉलसाठी ५.१ स्पीकर घेताय? आधी सेंटर बघा

५.१ म्हणजे पाच स्पीकर (पुढे लेफ्ट, राइट आणि मध्ये सेंटर, बाजूला-मागे दोन सराउंड) आणि एक सबवूफर, म्हणजे खालचा जाड आवाज (बास) देणारा डबा. दुकानात गेलं की पहिल्यांदा सबवूफर धडधडवून दाखवतात, आपण खूश होतो आणि घरी आल्यावर पिक्चरमधले डायलॉगच नीट ऐकू येत नाहीत. कारण बहुतेक डायलॉग येतात सेंटर स्पीकरमधून, म्हणून बजेट कमी असेल तर कात्री मागच्या सराउंडला लावा, सेंटरला अजिबात नको. आणि सेंटर व पुढचे लेफ्ट-राइट शक्यतो एकाच सिरीजचे घ्या, नाहीतर गाडी स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचा आवाज बदलल्यासारखा वाटतो.

१० बाय १२ च्या हॉलला जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर स्पीकर कशाला हवेत? चांगले बुकशेल्फ (छोटे, स्टँडवर किंवा कपाटावर ठेवायचे) पुरतात, खालचा बास सबवूफर बघून घेतो, रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो अँप्लिफायर) क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा, ८० हर्ट्झला ठेवून सुरुवात करा. खोक्यावरचे पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल पॉवरचा फुगवलेला आकडा) वॅट वाचूच नका, ती निव्वळ फेकाफेक असते. आरएमएस (सलग मिळणारी खरी पॉवर) बघा, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते (३ डीबी जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते) आणि स्पीकर किती ओहमचे (विजेला होणारा त्यांचा विरोध) आहेत ते आपल्या रिसीव्हरला चालतंय का हेही विचारा.

सराउंड सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, कानापेक्षा थोडे वर. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की बास वाढतो खरा पण घुमतो पण, आणि फ्लॅटमध्ये खालचे काका बेल वाजवतात ते वेगळंच. घ्यायच्या आधी आपल्या ओळखीचा सीन लावून, बारीक आवाजात ऐका.