घातांचा भागाकार कसा करायचा? तलावाच्या पाण्यावर करून बघू

माझी भाची नववीत आहे, परवा वही घेऊन आली आणि म्हणाली मामा, भागाकार चाललाय तर मग हे दहाच्या डोक्यावर बसलेले आकडे वजा का करायचे? सर म्हणाले नियम आहे, पाठ करा. म्हटलं नियम ठेव बाजूला, एका कोटीत किती लाख? फटकन म्हणाली शंभर. झालं की मग! कोटी म्हणजे १ वर ७ शून्यं, लाख म्हणजे १ वर ५, वरची पाच खालच्या पाचांनी कापली गेली, उरली दोन. ७ − ५ = २. ही वजाबाकी आपण लहानपणापासून करतोय, फक्त तिला घातांक म्हणतात हे नंतर कळतं.

(मोबाईलवर घात डोक्यावर चढवता येत नाही म्हणून मी १०^७ असं लिहितोय, दहाचा सातवा घात असं वाचा.)

आता सायंटिफिक नोटेशन, म्हणजे लांबलचक संख्या दहाच्या घाताने आटोपशीर लिहायची पद्धत, त्यातल्या संख्येचे दोन तुकडे असतात, पुढचा आकडा आणि दहाचा घात. भागताना पुढच्या आकड्याला पुढच्या आकड्याने भागायचं, घातातून घात वजा करायचा, दोघांची सरमिसळ करायची नाही. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं, म्हणजे ३.८५ × १०^९ लिटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे १.२४ × १०^७. माणशी किती?

३.८५ ÷ १.२४ = ३.१ आणि ९ − ७ = २, उत्तर ३.१ × १०^२, म्हणजे माणशी ३१० लिटर. चाळीत पहाटे तासभर पाणी येणाऱ्याला हे सांगू नका, मारेल तो. हा सगळा सरासरीचा खेळ आहे, त्यात गळती आली, कारखाने-हॉटेलं आली, आणि लोकसंख्याही तेव्हाची, आता वाढलेली.

हे गणित गुणी होतं, सरळ सुटलं. पोरं अडकतात ती पुढच्यात. पाऊस सुरू झाला की रोज बातमी असते बघा, तानसा भरला, मोडक सागर ओसंडला, वगैरे, तर मुंबईला पाणी देणारे हे सातही तलाव काठोकाठ भरले की १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर होतात. दशलक्ष म्हणजे १०^६ आणि १४ लाख ४७ हजार म्हणजे १.४४७ × १०^६, म्हणून एकूण १.४४७ × १०^१२ लिटर. किती दिवस पुरेल?

१.४४७ ÷ ३.८५ = ०.३७६, घात १२ − ९ = ३. उत्तर ०.३७६ × १०^३. किंमत बरोबर आहे पण रूप बरोबर नाही, कारण पुढचा आकडा निदान १ तरी हवा आणि १० च्या आत हवा. मग दशांश चिन्ह एक घर उजवीकडे, ०.३७६ चे झाले ३.७६, म्हणजे पुढचा आकडा दहापट वाढला, तर घाताने एक उतरायला हवं नाहीतर आपण फुकटात पाणी वाढवल्यासारखं होईल. ३.७६ × १०^२, म्हणजे ३७६ दिवस. वर्षाला थोडं जास्त! बाष्पीभवन वगैरे धरलेलं नाहीये, तरी एक पावसाळा कमी पडला की लगेच कपात का लागते ते या एका भागाकारात दिसतं.

उजवीकडे की डावीकडे, वाढवू की कमी करू, हे पाठ करायच्या भानगडीत पडू नका. पुढचा वाढला तर मागचा कमी, पुढचा घटला तर मागचा जास्त, बस.

आता उणे घात, इथे खरी रडारड. १८ ग्रॅम पाण्यात ६.०२२ × १०^२३ रेणू असतात, तर एका रेणूचं वजन किती? १८ म्हणजे १.८ × १०^१. १.८ ÷ ६.०२२ = ०.२९९, घात १ − २३ = −२२. (वरचा वजा खालचा, नेहमी त्याच क्रमाने, मोठ्यातून लहान वजा करायची सवय इथे घात करते.) आता दशांश चिन्ह सरकवून २.९९, घात एकाने कमी. −२२ चा एकाने कमी म्हणजे −२३, −२१ नाही!! भाचीने −२१च लिहिलं होतं. थंडीचं तापमान आठव म्हटलं, उणे २२ वरून एक अंश उतरलं तर काय? २.९९ × १०^−२३ ग्रॅम.

आणि लिटरभर पाण्याच्या बाटलीत रेणू किती? लिटरभर म्हणजे १,००० ग्रॅम, १ × १०^३. त्याला भागिले २.९९ × १०^−२३. पुढे १ ÷ २.९९ = ०.३३४, घात ३ − (−२३), उणेचं उणे म्हणजे अधिक, २६. चिन्ह सरकवून ३.३४ × १०^२५. कंसाशिवाय ३ − २३ केलंत तर −२० येईल आणि बाटलीत एक रेणूसुद्धा भरणार नाही, तेव्हा खाली उणे दिसलं की आधी कंस टाका मग बाकीचं.

जेईई, नीटला कॅल्क्युलेटर नसतो म्हणून हाताने यायलाच हवं, पण घरी ताळा करताना एक खोच लक्षात ठेवा. १.४४७ × १० ^ १२ ÷ ३.८५ × १० ^ ९ असं सलग बडवलंत तर मशीन डावीकडून चालत जातं, ३.८५ ने भागतं आणि शेवटच्या १०^९ ने चक्क गुणतं. भाजकाला पूर्ण कंस घाला, किंवा सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर दहाच्या घाताचं वेगळं बटण असतं ते वापरा, ते अख्खी संख्या एक धरतं. कंस विसरलात तर तलावाचं पाणी ३.७६ × १०^२० दिवस पुरतं असं उत्तर येतं, आणि विश्व जन्माला येऊन अजून जेमतेम ५ × १०^१२ दिवस झालेत.