वळीव पडायच्या आत रिपर मारा, नाहीतर यंदा राहू द्या

डाळिंब लावायचंय आणि खाली मुरूम आहे अशा मंडळींसाठी. रान फोडायचं तर एप्रिल-मेच्या कडक उन्हातच फोडा. वळीव झाला की लोक म्हणतात आता जमीन मऊ झाली, मशीन हलकं चालेल, डिझेल कमी लागेल, आणि पोकलेन बोलवतात. बाग तिथंच जाते. कोरड्यात रिपरचा, म्हणजे पोकलेनला बकेटऐवजी लावतात त्या जाड लोखंडी आकड्याचा, दात खालून उचकटतो तेव्हा आजूबाजूचा थर तडकत जातो, आपल्याला तेवढंच पाहिजे असतं. ओल्यात तो नुसती चर पाडतो, चरीच्या भिंती घासून गुळगुळीत होतात आणि वरून ते धूड फिरून बाकीचं रान दाबून टाकतं. पावसाळ्यात त्याच चरीत पाणी तुंबतं, पुढं मर (झाड वाळून जाण्याचा रोग) लागली की दुकानदार औषधाच्या बाटल्या देत बसतो. सांगोला-आटपाडीकडं अशी झाडं उपटून बघा, मुळ्या चरीबाहेर गेलेल्याच नसतात.

आणि अजून महिना आहे असं धरू नका. 2025 ला मान्सून केरळात 24 मेला आणि मुंबईत 26 मेला आला, त्याआधीचा अवकाळी वेगळाच.

ओल बघायला दोन फूट खड्डा घ्या, तळाची माती तळहातावर वळा. वळी झाली तर रिपर नको, भुगा झाला तर बिनधास्त. माझा अजून एक अंदाज, मशीन चालताना धूळ उडाली पाहिजे. दाताला चिकट माती लागून वर आली तर ऑपरेटरला तिथंच थांबवा, तासाचे पैसे गेले तरी चालतील.

जेसीबीच्या मागच्या हाताला रिपर बसतो, पण नरम मुरमापुरताच, कडकात रेटलं की जोडातले पिन-बुश झिजवतो. कातळ लागला तर ब्रेकर (खडक फोडायचा हातोडा), पण कातळावर बाग कशाला राव? काळ्या रानात नांगराच्या तळाला थर बसला असेल तर पोकलेनची गरजच नाही, ट्रॅक्टरचा सबसॉयलर (खालचा थर फोडायचं अवजार) 45 ते 60 सेंमी पुरतो. आणि रिपर झाल्यावर बकेटनं उलथापालथ करू देऊ नका, खालची पांढरी चुनखड वर येते.

बाकी नेहमीचं:
- पाइपलाइन, केबलच्या खुणा
- उताराला आडवं
- फक्त ओळीच्या पट्ट्यात, पैसे वाचतात
- नंतर भरलेली ट्रॉली त्यावरून नको
- खड्डा 60×60×60 सेंमी, शेणखत 20 किलो, ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी) 25 ग्रॅम

रिपर झाला की कुणीतरी सॉइल कंडिशनरच्या (माती सुधारते म्हणून विकतात त्या) बॅगा घेऊन येतोच. मुरूम मोकळा करायला बॅग लागत नाही. जिप्सम चोपण (सोडियमनं बिघडलेल्या) रानाला, तेही माती परीक्षणात सोडियम जास्त आला तरच.

वळीव झालाच असेल तर मशीनवाल्याचा ॲडव्हान्स बुडाला तरी बुडू द्या, ताग नाहीतर धैंचा पेरून फुलात आला की गाडा आणि लागण पुढच्या सालावर ढकला.