जुन्या आगगाडीत खुनाचं नाटक: या चुका टाळा

इंग्लंडात जपून ठेवलेल्या जुन्या आगगाड्यांमध्ये रात्रीच्या जेवणासोबत खुनाचं नाटक रंगतं. सूप येतं तेव्हा खून, गोडाचं ताट येईपर्यंत खुनी सापडलेला. तपास प्रेक्षकांनीच करायचा. मी गेली नऊ वर्षं यात कामं करतोय आणि दर हंगामात नवी मंडळी त्याच खड्ड्यात पडताना बघतोय.

सगळ्यात महागात पडते ती साखळी. ब्रिटनमधला रेल्वेतला पहिला खून ९ जुलै १८६४ चा. लंडनमध्ये थॉमस ब्रिग्ज नावाच्या बँकवाल्याला डब्यातच मारलं. तेव्हा डब्यातून गार्डला हाक मारायची सोयच नव्हती. मग ओरड झाली आणि १८६८ च्या कायद्याने लांब पल्ल्याच्या गाड्यांना ती सोय सक्तीची केली. तिचीच नात म्हणजे आपली लाल साखळी, आणि ती खरी असते.

एका प्रयोगात आमच्या नवख्या नटाने पदरचं वाक्य टाकलं, "अरे, कुणीतरी गाडी थांबवा!" तिसऱ्या टेबलावरच्या आजी शांतपणे उठल्या, काटा-चमचा खाली ठेवला आणि साखळी ओढली. भर चढावर, पावसात गाडी उभी. गार्ड कंदील घेऊन खाली उतरला, साखळी ओढली की फिरणारी चकती कुठल्या डब्याच्या टोकाला फिरलीय ते बघत. ती परत फिरवल्याशिवाय ब्रेक सुटत नाहीत. मार्ग एकेरी, त्यावर एका वेळी एकाच गाडीला जाऊ देणारं टोकन आमच्या इंजिनात, समोरची गाडी पुढच्या स्टेशनात ताटकळलेली. पंचवीस मिनिटं गेली. प्रेक्षकांना वाटलं हेही नाटकातच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या! बटाटे गार झाले ते वेगळंच. उत्तम तपासाचं बक्षीस आम्ही आजींनाच दिलं. तेव्हापासून मी गाडी सुटण्याआधी प्रत्येक डब्यात साखळीकडे बोट दाखवून सांगतो, "हा पुरावा नाही." 'थांबवा' हा शब्द संहितेतून कायमचा गेला.

दुसरी खोड म्हणजे महत्त्वाचा धागा धावत्या गाडीत सांगणं. या गाड्या बहुतेक ठिकाणी ताशी २५ मैलांच्या वर जात नाहीत, म्हणून लोकांना वाटतं आवाज नसेल. रुळांच्या सांध्यांवरची खडखड एकदा ऐका. त्यात ६४ आसनांच्या डब्यात निम्मे प्रेक्षक तुमच्याकडे पाठ करून बसलेले. मी डब्याच्या मधोमध उभा राहतो, तेच वाक्य दोन्ही दिशांना वळून दोनदा म्हणतो, आणि विषाच्या बाटलीची गोष्ट शेवटच्या स्टेशनासाठी राखून ठेवतो. तिथे इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडेपर्यंत टाचणी पडली तरी ऐकू येते.

प्रेत वाटेत पडू देऊ नका, वाढपी गरम ग्रेव्ही घेऊन येत असतो. पांढरा सदरा नको, काजळी बसते. पिस्तुलाचा बार बंद डब्यात अजिबात नको. हॉटेलच्या हॉलसाठी लिहिलेली आयती संहिता विकत घेऊन 'तो बागेत निघून गेला' असं चालत्या गाडीत म्हणणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

बोगद्यात दिवे घालवून खून करायची कल्पना प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सुचते. आमचा बोगदा चाळीस सेकंदांत संपतो. गेल्या खेपेला उजेड झाला तेव्हा खुनी मयताच्या छातीवर बसून स्वतःचाच टाय सोडवत होता, आणि मयत त्याला मदत करत होता.