बटन अकॉर्डियनचं रेकॉर्डिंग: खटखट कमी, सूर जास्त

बटन अकॉर्डियनवरची आयरिश रील किंवा जिग (नाचाच्या पारंपरिक धुना) फोनवर रेकॉर्ड केली की सुरांच्या आधी बटणांची खटखट आणि पायाचा ठेका ऐकू येतो. दोन्ही बऱ्याच कमी होतात.

१. फोन टेबलावर ठेवू नका. स्टँडला लावा आणि स्टँडखाली जाड घडी केलेली चादर घाला. पायाखालीही एक जाड सतरंजी हवीच. लाकडी जमिनीतून ठेका थेट माइकपर्यंत पोचतो.

२. फोन वादकाच्या उजव्या बाजूला, साधारण मीटरभर अंतरावर, कपाळाच्या उंचीला ठेवा. माइकचा रोख बटणांकडे नको, जिथून सूर बाहेर येतात त्या जाळीकडे हवा. डावी बाजू भात्याबरोबर सतत हलते, म्हणून तिथे माइक ठेवला की आवाज जवळ-दूर होत राहतो. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक या जागेनेच पडतो.

३. फोन एअरप्लेन मोडवर टाका.

४. ३२ मापांची (बारची) धून सलग तीनदा वाजवा. पहिली फेरी बहुधा ताठर निघते, दुसरीत हात मोकळा होतो.

रेकॉर्डिंगची लेव्हल मात्र आधी सर्वांत जोरकस भाग वाजवून तपासा आणि तिचं शिखर (पीक) मीटरवर −१२ डेसिबलच्या आसपास ठेवा. फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त होत नाही.