एचआयव्हीच्या प्रसाराचा आकडा कसा वाचावा

पुण्यातील महाविद्यालयात १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या कार्यक्रमासाठी भित्तिपत्रक करताना एचआयव्हीचा आकडा हवा असेल, तर तो कोणत्या लोकांमध्ये मोजला आहे हे सर्वांत आधी पाहावे. तपासणी केंद्रातील पॉझिटिव्ह अहवालांचे प्रमाण हे शहराचे प्रमाण मानू नये; तेथे शंका आल्याने स्वतःहून आलेले, डॉक्टरांनी पाठवलेले, क्षयरोगाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया असे निरनिराळे लोक येतात.

मोजणीचा पाया बदलला की आकडा किती बदलतो, हे देशाने पाहिले आहे. २००६ पर्यंतचा एचआयव्हीबाधितांच्या संख्येचा अंदाज प्रामुख्याने दवाखान्यांतील सेंटिनल सर्वेक्षणावर, म्हणजे ठरावीक केंद्रांत येणाऱ्या ठरावीक गटांच्या रक्ततपासणीवर उभा होता आणि तो सुमारे ५२ लाखांवर गेला होता. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी रक्तनमुने घेतले गेले, तेव्हा १५ ते ४९ वयोगटात ०.२८ टक्के प्रमाण आढळले आणि २००७ मध्ये सुधारित अंदाज सुमारे २५ लाखांवर आला. संसर्ग वर्षभरात निम्म्याने घटला, असा अर्थ त्यातून काढणे चूक ठरले असते. म्हणूनच भोसरीच्या पूर्वीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेसारख्या (आता तिचे नाव बदलले आहे), सर्वेक्षणात प्रत्यक्ष सहभागी असलेल्या संस्थांचे आणि ‘नाको’चे, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे अहवालच आधाराला घ्यावेत, आणि आकड्याशेजारी वर्ष व वयोगट न चुकता लिहावा.

एकूण संख्या आणि प्रमाण यांची गल्लत करू नये. २०१९ च्या अंदाजानुसार एचआयव्हीसह जगणाऱ्या सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३.९६ लाख व्यक्ती महाराष्ट्रात होत्या. परंतु प्रौढांतील प्रमाण येथे ०.३६ टक्के, तर छोट्याशा मिझोराममध्ये २.३२ टक्के होते.

प्रमाण स्थिर दिसले, तर नव्या संसर्गाचा आकडा वेगळा तपासावा. २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधे, मोफत मिळू लागली, माणसे दीर्घकाळ जगू लागली आणि त्यामुळे नवे संसर्ग घटूनही एकूण संख्या तितकीशी उतरत नाही. ही वाढलेली आयुष्ये आकड्यात दिसतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

गाव किंवा वस्तीनिहाय आकडे मात्र भित्तिपत्रकावर कधीही देऊ नयेत. लहान वस्तीत दोन-तीन हा आकडासुद्धा शेजाऱ्यांना घर दाखवून देतो, आणि संमतीवाचून कोणाचीही एचआयव्ही स्थिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे.